घरीं संगणक जुळवितांना



यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही छोटी आगगाडी तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल; वडीलधाऱ्या मंडळींनीं तिच्यांतून प्रवासहि केला असेल. आतां ती बंद आहे. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट होतें, आणि मूर्तिजापूरला जो मुंबई-नागपूरचा मोठा लोहमार्ग भेटतो त्याच्या रुळांमधील अंतर साडेपांच फूट. आपल्या जिल्ह्यांतील कापसाच्या गांठी ह्या छोट्या गाडीनें मूर्तिजापूरपर्यंत जात, आणि पुढें जावयाचें तर तेथें त्या उतरवून मोठ्या गाडींत भराव्या लागत. छोट्या गाडीचें इंजिन वाईट होतें असें नव्हे. मोठ्या गाडीचे डबे वाईट होते असेंहि नव्हे. दोन्ही आपापल्या जागीं उत्तम. परंतु एकीचीं चाकें दुसरीच्या रुळांवर बसत नव्हतीं. आज मला संगणकाविषयीं बोलावयाचें आहे, आणि त्यांतील मुख्य तत्त्व हेंच आहे.

अलीकडे तालुक्याच्या गांवींच नव्हे, तर खेड्यांतूनहि मुलें सुटे भाग आणून घरच्या घरीं संगणक जुळवूं लागलीं आहेत. अशा संगणकावर भारी चित्रांचे खेळ खेळतां येतात म्हणून त्याला 'गेमिंग कॉम्प्युटर' असें नांव पडलें आहे. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असें म्हणणाऱ्या पालकांशीं मी आज वाद घालीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें आपल्या पुराणकथांच्या आधारें 'राजी' नांवाचा खेळ रचून तो २०२० सालीं जगापुढें मांडला. अर्थात् खेळ रचणें हा आतां पोटाचा धंदाहि आहे. आणि खेळासाठीं घेतलेलें यंत्र आरेखन, चित्रकला व अभ्यास ह्यांसहि तितकेंच उपयोगी पडतें. आजचा प्रश्न निराळा आहे. पैसे घालावयाचेच असले, तर ते वायां जाऊं नयेत म्हणून काय पाहावें?

निरनिराळ्या कारखान्यांचे सुटे भाग एका पेटींत एकत्र नांदतात, ही सोय आपोआप झालेली नाहीं. १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. त्यांतील प्रोसेसर इंटेल ह्या दुसऱ्या कंपनीचा होता, आणि यंत्राची रचना बव्हंशीं उघड होती. त्यामुळें इतरांना त्यास जुळणारे भाग करतां आले. पुढें १९९५ सालीं इंटेलनें 'एटीएक्स' नांवाचें माप घालून दिलें. मदरबोर्ड केवढा असावा, त्याच्या स्क्रूंचीं भोकें कोठें असावींत, वीज कोणत्या तोंडानें आंत यावी, हें त्यांत ठरलेलें आहे. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचें तर पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तोहि बाजारांत मिळणारे 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे प्रोसेसर एकमेकांस जोडूनच. त्या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे जवळच्या अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे. तात्पर्य, सुटे भाग जुळवून यंत्र करणें हें पोरकट काम नव्हे. तें शास्त्र आहे, आणि त्याचा पहिला नियम मापाचा आहे.

हा नियम मला फी भरून शिकावा लागला. माझा एक जुना विद्यार्थी दारव्हा तालुक्यांत शेती करतो. त्याचा मुलगा तंत्रनिकेतनांत आहे. कापसाचे पैसे हातीं आले तेव्हां त्यानें मुलाच्या संगणकासाठीं कांहीं रक्कम काढून ठेविली, आणि 'गुरुजी, तुम्ही सोबत राहा' म्हणून जबाबदारी माझ्या गळ्यांत घातली. मदरबोर्ड व प्रोसेसर ओळखीनें वापरलेले मिळाले. रॅमच्या पट्ट्या मात्र मुलानें नव्या व अधिक वेगाच्या घेतल्या. पट्टी बसेना. मीं चष्मा लावून दोन्हींची माहिती वाचली. बोर्डवरील खांचेला २८८ स्पर्शबिंदु, पट्टीलाहि २८८. आंकडा जुळला म्हणजे वस्तु जुळली, असा निकाल मीं मास्तरी थाटांत दिला आणि 'जरा जोर लाव' म्हटलें. मुलगा शहाणा, त्यानें जोर लावला नाहीं. पट्टी उजेडांत धरून पाहिली तेव्हां उमगलें कीं तिच्या कडेची खांच बोर्डवरील उंचवट्याच्या समोर येतच नाहीं. बोर्ड होता डीडीआर४ जातीच्या रॅमचा, आणि पट्ट्या होत्या डीडीआर५ च्या. फोडलेला माल दुकानानें परत घेतला नाहीं. तोटा सोसून पट्ट्या विकाव्या लागल्या. मुलाचा बाप रागावला नाहीं. फक्त म्हणाला, 'गुरुजी, हिशेब तर तुमचा बरोबरच होता.' तें वाक्य मला अजून टोंचतें. आजचें हें भाषण त्याच्या फेडीसाठींच आहे असें समजा.

आतां क्रमानें जाऊं. बाजारांत जाण्यापूर्वीं यंत्रावर काय करावयाचें आहे तें कागदावर लिहावें. प्रत्येक खेळ करणारी कंपनी त्या खेळास किमान कोणतें यंत्र लागेल व कोणतें असलें तर बरें, अशा दोन याद्या प्रसिद्ध करते. दुसरी यादी पाहावी. मग पडदा ठरवावा. नेहमींच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. 'फोर-के' पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. प्रत्येक चित्रांत चौपट ठिपके रंगवावयाचे तर रंगविणारें यंत्रहि त्या मानाने दांडगें हवें. पहिल्यानेंच संगणक करणाऱ्यानें नेहमींचा पडदा घ्यावा, हें उत्तम.

पहिली जोडी प्रोसेसर आणि मदरबोर्ड ह्यांची. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा मेंदू. मदरबोर्ड म्हणजे सर्व भाग ज्यावर मांडावयाचे तो पाट. प्रोसेसरच्या बैठकीला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचें 'एएम४' हें सॉकेट २०१६ पासूनचें. त्यास १३३१ छिद्रें असून पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. २०२२ सालचें 'एएम५' अगदीं निराळें. त्यांत १७१८ स्पर्शबिंदु असून पिना बोर्डवर असतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे टेबलावरील संगणकाचे प्रोसेसर 'एलजीए १७००' वर बसतात, आणि २०२४ च्या अखेरीस आलेले 'कोअर अल्ट्रा २००' मालिकेचे 'एलजीए १८५१' वर.

परंतु सॉकेटचें नांव जुळलें म्हणजे काम झालें, असेंहि नाहीं. 'एलजीए ११५१' हें नांव इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीलाहि आहे आणि आठव्या-नवव्या पिढीलाहि. तरी पहिल्यांसाठीं केलेल्या बोर्डवर दुसरे चालत नाहींत. तसेंच जुन्या एएम४ बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसविला, तर बोर्डमधील 'बायोस' नांवाची मूळ आज्ञावली नवी केल्याखेरीज तो त्यास ओळखीत नाहीं. ह्यासाठीं बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डास चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती पाहावी. दुकानदाराच्या तोंडच्या 'चालतें हो' पेक्षां ती यादी प्रमाण मानावी. वापरलेला माल घेणारानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ साठीं इंटेलची साधारणपणें आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका, अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना स्वस्त मिळाला तरी स्वस्त पडत नाहीं.

दुसरी जोडी बोर्ड आणि रॅम ह्यांची. हिची कथा वर सांगितलीच आहे. एएम४ ला डीडीआर४ च चालते, एएम५ ला डीडीआर५ च. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन्ही जातींचे मिळतात, आणि फसगत होते ती येथेंच. म्हणून बोर्डच्या नांवाचें शेवटचें अक्षरसुद्धां वाचावें. रॅम एका मोठ्या पट्टीऐवजीं सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावी. सोळा जीबी हवी असेल तर आठ-आठच्या दोन. दोन्ही वाटांनीं माहितीची ने-आण होऊन काम जलद चालतें. चार खांचा असल्या तर कोणत्या दोहोंत पट्ट्या घालाव्या तें बोर्डच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. पुष्कळदां प्रोसेसरकडून मोजतां दुसरी व चौथी. किंमतीविषयींहि सावध असावें. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे तो माल जाऊं लागला. म्हणून गतवर्षीच्या भावावर अंदाजपत्रक आंखूं नये.

तिसरी जोडी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्यांची. पडद्यावरील चित्र रंगविण्याचें काम हें कार्ड करतें, आणि खेळाच्या संगणकांत पैशाचा मोठा वांटा त्याकडेच जावा. येथें खांचेची अडचण सहसा येत नाहीं, कारण 'पीसीआय एक्सप्रेस' ही खांच जुन्या-नव्या पिढ्यांस सांभाळून घेते. येथें जुळवावयाचें तें बळ. औताला एक बैल दांडगा आणि दुसरा मरतुकडा जुंपला, तर औत दांडग्याच्या चालीनें चालत नाहीं. तें वांकडें जातें आणि दोघेहि शिणतात. महागडें कार्ड घेऊन त्याशेजारीं जुना दुबळा प्रोसेसर ठेविला तर कार्ड वाट पाहत बसतें. उलट प्रोसेसर भारी आणि कार्ड हलकें, तरी खेळ अडखळतोच. आणखी एक बारीक गोष्ट. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं 'एफ' हें अक्षर असतें, त्यांत चित्र दाखविण्याची स्वतःची सोय नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येंहि ती नाहीं. कार्ड पुढें कधीं तरी घेऊं असें म्हणून असा प्रोसेसर आणला, तर तोंवर पडदा काळाच राहील. आणि कार्ड बसविल्यावर पडद्याची तार बोर्डला न लावतां कार्डला लावावी. अनेकांचा नवा संगणक 'बिघडतो' तो केवळ ह्या तारेपायीं.

चौथी जोडी ह्या सर्वांची आणि पेटीची, म्हणजे कॅबिनेटची. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ गुणिले २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० गुणिले १७०. मोठ्या पेटींत लहान बोर्ड बसतो, लहान पेटींत मोठा बसत नाहीं. त्याशिवाय दोन मापें पट्टी लावून पाहावींत: कार्डची लांबी, आणि प्रोसेसरवरील पंख्याची, म्हणजे कूलरची, उंची. उभे कूलर पुष्कळदां १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात, आणि पेटी अरुंद असली तर तिचें झांकण लागत नाहीं. साठवणीची 'एम.२' पट्टी घेतांना ती 'एनव्हीएमई' जातीची कीं 'साटा' जातीची, आणि बोर्डची खांच कोणतीस चालते, एवढें पाहिलें कीं पुरे.

पांचवी जोडी विजेची, आणि हिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. पॉवर सप्लाय हा दिसावयास साधा लोखंडी डबा, म्हणून त्यांतच पैसे वांचविण्याकडे कल होतो. एक हिशेब करून पाहूं. एन्व्हिडियाचें आरटीएक्स ४०६० हें कार्ड ११५ वॅट घेतें. रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट छापलेलें असलें तरी पूर्ण भारांत तो ८८ वॅटांपर्यंत घेऊं शकतो. बोर्ड, रॅम, पंखे व साठवण ह्यांना मिळून ५७ वॅट धरूं. एकूण २६० झाले. तरी ह्या कार्डसाठीं कंपनी ५५० वॅटांचा पॉवर सप्लाय सुचविते. कारण कार्ड क्षणभर आपल्या आंकड्याच्या बरेंच वर उसळी घेतें, आणि अर्ध्या भारावर चालणारा पॉवर सप्लाय थंड व काटकसरीचा राहतो. त्यावरील '८० प्लस' हा शिक्का केवळ वीज किती वांचते तें सांगतो. सुरक्षिततेची तो हमी नव्हे.

तारांविषयीं दोन इशारे. प्रोसेसरला वीज देणारें आठ कांट्यांचें तोंड आणि ग्राफिक्स कार्डला देणारें आठ कांट्यांचें तोंड हीं दिसण्यांत सारखीं, पण एक दुसऱ्याच्या जागीं लावूं नये. दुसरें, ज्या पॉवर सप्लायच्या तारा सुट्या होतात, त्याच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या, किंबहुना त्याच कंपनीच्या निराळ्या नमुन्याच्या, डब्यास कदापि लावूं नयेत. तोंड नीट बसतें, पण आंतील जोडणी निराळी असते, आणि क्षणार्धांत सगळा संगणक जळूं शकतो. माझ्या २८८ च्या हिशेबाचा हा थोरला भाऊ समजा.

आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून यूपीएसचा हिशेबहि सांगतों. वरील यंत्रास आंत २६० वॅट लागतात. पॉवर सप्लाय शेंकडा ८५ कार्यक्षम असला तर भिंतींतून सुमारें ३०६ वॅट घेईल. पडद्याचे २५ धरले तर ३३१. बाजारांतील '६०० व्हीए' चा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत. त्याचा गुणक ०.६ असला तर ते ३६० वॅट होतात. म्हणजे तो कांठोकांठ भरला. १००० व्हीए चा घेतला तर ६०० वॅट मिळतात, आणि काम सुखानें होतें. तीन पिनांच्या बटणाला खरेंखुरें अर्थिंग आहे कीं नाहीं, हें मात्र वायरमनकडून आधीं पाहून घ्यावें.

सहावी जोडी यंत्राची आणि आपल्या हवेची. ही कोणत्याहि पुस्तिकेच्या यादींत सांपडत नाहीं. पंखा हवेनें थंड करतो, म्हणून तो कोणत्याहि भागाला खोलीपेक्षां थंड करूं शकत नाहीं. समजा, एखादा प्रोसेसर भाराखालीं खोलीपेक्षां ५० अंश अधिक तापतो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ७५ वर राहील. वैशाखांत आपल्या पत्र्याच्या खोलींत पारा ४२ वर गेला, तर तोच ९२ वर जाईल. रायझन ७००० मालिकेंतील बहुतेकांची मर्यादा ९५ अंश आहे. तेथें पोंचल्यावर प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं वेग कमी करतो, आणि मुलगा म्हणतो, 'संगणक मंद झाला.' म्हणून परदेशांतील परीक्षणांत पुरेसा ठरलेला कूलर येथें पुरेलच असें नाहीं. एक पायरी वरचा घ्यावा. पेटीचें तोंड कांचेचें बंद असण्यापेक्षां जाळीचें असावें. एक पंखा पुढून हवा आंत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा. जिनिंगच्या आसपास राहणारांनीं जाळीवर बसणारा कापसाचा तंतु दर पंधरवड्यास झटकावा. आणि घरांतील वाळ्याच्या कूलरचा ओला झोत संगणकावर थेट घेऊं नये.

खरेदीविषयीं थोडें. माल नागपूरच्या सीताबर्डीहून आणा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा, कीं घरबसल्या मागवा. परंतु सर्व भागांची यादी पुरी जुळल्याखेरीज एकहि भाग विकत घेऊं नका. आज सवलत आहे म्हणून बोर्ड, पुढच्या महिन्यांत सवलत आहे म्हणून रॅम, अशी खरेदी केली कीं माझ्यासारखी गत होते. 'पीसीपार्टपिकर' सारख्या संकेतस्थळांवर भागांचीं नांवें घातलीं तर मापांचे विरोध बव्हंशीं कळतात. मात्र आपला उन्हाळा व आपली वीज तीं जाणत नाहींत. सर्व माल शक्य तों एकदम घ्यावा, बिल घ्यावें, परत देण्याची मुदत बिलावर लिहवून घ्यावी, आणि त्या मुदतींतच पेटीबाहेर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर बोर्ड ठेवून एकदां सर्व चालवून पाहावें. जोडतांना प्रोसेसर आपल्या वजनानेंच बसला पाहिजे. त्याला जोर मुळींच नको. रॅमला थोडा दाब लागतो, पण तो खांच समोरासमोर आल्यानंतर.

मीं आतां एक वही केली आहे. एका पानावर डावीकडे भागाचें नांव, उजवीकडे तो ज्याच्याशीं भिडतो त्या भागाचें नांव, आणि मध्यें ज्या मापानें ते जुळतात तें माप: सॉकेट, रॅमची जात, मिलिमीटर, वॅट, तारेचें तोंड. मधला रकाना एकहि रिकामा असेल तोंवर खिशांत हात घालावयाचा नाहीं. दारव्ह्याच्या त्या मुलानें दुसऱ्या पट्ट्या आणल्या त्या ही वही भरूनच. त्या बसल्या, पडदा उजळला, आणि त्यानें वडिलांना प्रथम खेळ दाखविला नाहीं. आपल्या शेताचा नकाशा उघडून दाखविला. त्याचा बाप पुष्कळ वेळ त्यांत आपली विहीर शोधीत होता.